ॲप आहे, व्हिडिओ आहेत, तरी तोंड उघडत नाही: इंग्रजी शिकण्याविषयी वाचकांचे प्रश्न

या वेळी इंग्रजी आणि ऑनलाइन शिकणं यावर इतकी पत्रं आणि मेसेज आलेत की बाकीचे विषय पुढच्या अंकात घेऊ. पत्रं गोव्यात पेडण्यापासून काणकोणापर्यंतची आहेत आणि सगळ्यांचं दुखणं जवळजवळ एकच दिसतंय, फोन घरात आहे, फुकट धडे ढीगभर आहेत, पोरं तासन् तास बघतातही, पण एक वाक्य स्वतःहून बोलायची वेळ आली की सगळे गप्प. सारखे प्रश्न एकत्र केलेत आणि पत्रं थोडी छोटी केलीत.

ताई, मी सत्तरी तालुक्यात सरकारी मराठी प्राथमिक शाळेत शिकवते. पट लहान आहे, दोघी शिक्षिका आणि चार वर्ग, म्हणजे एका खोलीत दोन इयत्ता. शाळेत टीव्ही आलाय, ट्रेनिंगला गेलं की सांगतात व्हिडिओ दाखवा, ऑनलाइन साहित्य वापरा. रेंज शाळेच्या मागच्या आंब्याखाली येते. मुलं इंग्रजी गाणी मस्त म्हणतात, पण साधं ‘वॉट इज धिस?’ विचारलं की माझ्या तोंडाकडे बघत बसतात. कुठे चुकतंय? – एक शिक्षिका, सत्तरी

टीचर, मुलं गातात पण बोलत नाहीत याचं कारण मुलांत शोधू नका, ते व्हिडिओत आहे. व्हिडिओ कुणासाठी थांबत नाही. त्यातली बाई ‘हाऊ आर यू?’ विचारते आणि पोराने तोंड उघडायच्या आत स्वतःच उत्तर देऊन पुढच्या चित्रावर जाते, मग पोराला आपोआप कळतं की इथे आपल्याकडून कुणाला काही नकोय, नुसतं बघायचंय. अशी वर्षभर गाणी ऐकली की गाणं पाठ होतं आणि बोलायची सवय मात्र लागतच नाही.

यावरचा उपाय स्मार्ट टीव्हीच्या कितीतरी आधीचा आहे आणि मला तो आजही सगळ्यात भरवशाचा वाटतो. १९८० च्या दशकात केनियात पहिली ते तिसरीच्या मुलांना रेडिओवरून इंग्रजी शिकवण्याचा एक मोठा प्रयोग झाला. त्यात रेडिओवरचा आवाज प्रश्न विचारायचा आणि मग मुद्दाम काही सेकंद गप्प राहायचा. तेवढ्यात वर्गातल्या मुलांनी मोठ्याने उत्तर द्यायचं, मग रेडिओ बरोबर उत्तर सांगायचा आणि पुढे जायचा. वर्गात एक रेडिओ, बाकी काही नाही. नंतर तपासलं तेव्हा ही मुलं नेहमीच्या पद्धतीने शिकणाऱ्या मुलांपेक्षा इंग्रजीत पुढे निघाली. सगळी करामत त्या गप्प राहण्यात होती.

हे तुमच्या फोनवर करता येतं आणि त्याला नेट लागत नाही. घरी दार लावून बसा, रेकॉर्डर चालू करा आणि स्वतःच्या आवाजात चार-पाच मिनिटांचा पाठ बोला. असा: ‘स्टँड अप.’ थांबा. ‘टच द विंडो.’ इथे जरा जास्त थांबा, कारण मागच्या बाकावरच्याला खिडकीपर्यंत जायला वेळ लागतो. ‘वॉट्स धिस? इट्स अ…’ आणि इथे चार सेकंद पूर्ण गप्प. मग ‘विंडो. इट्स अ विंडो.’ परत तेच दाराबद्दल, दप्तराबद्दल, शेजारच्या मुलाच्या नाकाबद्दल. पहिल्या आठवड्यात मुलांनी नुसतं अंग हलवलं तरी पुरे. जेम्स ॲशर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात हीच पद्धत मांडली, आधी हुकूम ऐकून शरीराने उत्तर द्यायचं, तोंडाने बोलायची घाई नाही, कारण लहान मूल आपली भाषाही असंच शिकतं, ‘इकडे ये’ कळतं आधी आणि बोलता येतं कितीतरी नंतर.

तुमच्यासारख्या एका खोलीत दोन इयत्ता असलेल्या शाळेला याचा आणखी एक फायदा आहे. तिसरीला व्हरांड्यात छोट्या ब्लूटूथ स्पीकरवर पाठ लावून द्या, चौथीतली एखादी हुशार मुलगी फोन थांबवायला आणि चालू करायला सोबत बसवा, आणि तुम्ही आत चौथीचं गणित घ्या. म्हणजे फोन तुमची जागा घेत नाही, तुम्हाला दहा मिनिटं मोकळी करून देतो, आणि माझ्या मते शाळेत टेक्नॉलॉजीचं खरं काम एवढंच आहे.

आवाज तुमचाच हवा असा माझा आग्रह आहे. पुष्कळ शिक्षिकांना वाटतं आपला उच्चार इंग्रजांसारखा नाही तर मुलांना कशाला ऐकवायचा, तर तसं काही मनात आणू नका. ओळखीच्या आवाजातली परकी भाषा मुलांना लवकर कळते, वेगळे उच्चार ऐकवायला टीव्ही आहेच की.

चौथीसाठी थोडं वेगळं करा. १९७९ ते १९८४ मध्ये भाषा-शिक्षणाचे अभ्यासक एन. एस. प्रभू यांनी बंगळूर, मद्रास अशा दक्षिणेतल्या काही ठिकाणच्या साध्या शाळांत एक प्रयोग केला, बंगळूर प्रोजेक्ट म्हणून तो जगभर शिकवला जातो. ग्रामर बाजूला ठेवून त्यांनी मुलांना इंग्रजीतून कोडी सोडवायला दिली, नकाशा बघून रस्ता सांग, रेल्वेचं वेळापत्रक बघून गाडी शोध. डोकं उत्तर शोधण्यात गुंतलं की भाषा मागोमाग येते असं त्यांचं म्हणणं. तुम्ही वाळपई बसस्टँडवरच्या कदंबच्या वेळापत्रकाचा फोटो काढून आणा आणि टीव्हीवर मोठा करून दाखवा. ‘आय वॉन्ट टू रीच पणजी बिफोर टेन. व्हिच बस?’ आता मुलं भांडतील, एक म्हणेल आठची, दुसरा म्हणेल ती उशिरा पोचते, आणि भांडण सुरुवातीला कोंकणीत होईल. होऊ द्या. विचार कोंकणीत, सूचना मराठीत आणि उत्तर इंग्रजीत असा वर्ग चालला तर त्यात कमीपणा काही नाही, आपली मुलं घरी एक आणि शाळेत दुसरी भाषा लहानपणापासून सांभाळतात, तिसऱ्या भाषेला तीच सवय उपयोगी पडते.

रेंजचं म्हणाल तर २०२० च्या लॉकडाउनमध्ये सत्तरी, सांगे, काणकोणची पोरं डोंगरावर बसून ऑनलाइन क्लास करत होती हे सगळ्यांनी पाहिलंय. त्यामुळे ज्याला चालू नेट लागतं असं काहीच वर्गाच्या मुळाशी ठेवू नका. सरकारच्या दीक्षा ॲपवरचं साहित्य आधी डाउनलोड करून ठेवता येतं, ते वाळपईत किंवा घरी करा आणि पेनड्राइव्हवर टाकायची सोय असेल तर टाकून शाळेत न्या. व्हिडिओ दाखवलाच तर दर अर्ध्या मिनिटाला थांबवा आणि पुढे काय होईल ते विचारा.

ताई, मुलगी तिसरीत आहे, मराठी माध्यम. एका इंग्रजीच्या ॲपवाल्यांचा माणूस घरी येऊन डेमो देऊन गेला, वर्षाची फी हप्त्यांनी भरायची, म्हणतो तीन महिन्यांत फाडफाड बोलेल. मिस्टर म्हणतात त्यापेक्षा सरळ इंग्रजी शाळेत घालूया. मला स्वतःला इंग्रजी येत नाही म्हणून घाबरायला होतं. – एक आई, डिचोली

सही केली नसेल तर करू नका. मुलं ज्या ॲपमध्ये नुसती बोटं लावतात, म्हणजे चित्र बघून चारातला बरोबर शब्द दाबतात, त्यातून शब्द ओळखता येतात, बोलता येत नाही. डेमोत हे लपून जातं कारण टुंग आवाज येतो, तारे मिळतात, पोरगी खूश. पुढच्या वेळी कुणी आलाच तर त्याला एकच विचारा, या अर्ध्या तासात माझी मुलगी किती वेळ स्वतः बोलणार आणि तिचं ऐकणार कोण? आणि हप्त्याबद्दल फार जपून. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाने पालकांसाठी खास सूचना काढली होती की अशा कंपन्यांच्या फुकट ऑफरला भुलून खात्यातून आपोआप पैसे कापायची परवानगी देऊ नका, कळल्याशिवाय कर्जाच्या कागदावर सही करू नका. तो हप्ता म्हणजे बऱ्याचदा तुमच्या नावावरचं कर्ज असतं आणि मुलीने ॲप सोडलं तरी ते चालूच राहतं.

फुकटात चांगलं पुष्कळ आहे. गूगलचं वाचनाचं ॲप २०१९ मध्ये बोलो नावाने भारतातच आधी आलं, आता त्याला रीड अलाँग म्हणतात, त्यात मूल मोठ्याने वाचतं आणि फोन ऐकून अडलेला शब्द सांगतो, मराठी गोष्टीही आहेत. ड्युओलिंगो २०१२ पासून सगळ्यांसाठी खुलं आहे, जाहिराती सोसायची तयारी असेल तर पैसे लागत नाहीत, रोज थोडे शब्द करायची सवय लावायला ते ठीक, त्यावरच विसंबू नका. आणि कार्टून बघतेच तर इंग्रजी कार्टून इंग्रजीच सबटायटल लावून बघू द्या. आयआयएम अहमदाबादच्या ब्रिज कोठारी यांना १९९६ मध्ये हीच गोष्ट सुचली होती, गाणं ज्या भाषेत त्याच भाषेत खाली अक्षरं दाखवायची, माणूस नकळत वाचायला लागतो. खाली मराठी लावलं तर डोळे मराठी वाचतात आणि कान झोपतात.

तुम्हाला इंग्रजी येत नाही हे मुलीसाठी वाईट नाहीये, खरंच सांगते. ती शाळेतून आली की तिला म्हणा, आज मला चार शब्द शिकव. तुम्ही चुकीचं म्हणा, ती दुरुस्त करेल, आणि दुसऱ्याला शिकवताना ती स्वतः पक्कं शिकेल. भाजी निवडताना, भाकरी थापताना हे होतं, त्याला वेगळा वेळ काढायला नको.

मिस्टरांना सांगा की घाईने माध्यम बदलू नका. कॅनडातले भाषेचे अभ्यासक जिम कमिन्स यांनी १९७९ पासून मांडलंय की पहिल्या भाषेत वाचायची, समजून घ्यायची ताकद पक्की झाली की ती दुसऱ्या भाषेत कामाला येते. तिसरीतल्या मुलीला मराठी गोष्ट वाचून स्वतःच्या शब्दांत सांगता येते का ते बघा. येत असेल तर इंग्रजीसाठी तिचा पाया झालाय. येत नसेल तर आधी त्यावर बसा, कारण शाळा बदलून ती अडचण सुटत नाही, उलट घरी कुणालाच न येणाऱ्या भाषेत विज्ञान आणि गणित दोन्ही पाठ करायची वेळ तिच्यावर येते.

उच्चार ब्रिटिश शिकावा की अमेरिकन? – एक वाचक, म्हापसा

कुठलाही, समोरच्याला कळला म्हणजे झालं. आपल्या लोकांनी दोन गोष्टी मात्र आवर्जून बघाव्यात. एक, व्ही आणि डब्ल्यू आपण एकाच व ने बोलतो, ‘व्हाइन’ की ‘वाइन’ ते ऐकणाऱ्याला कळत नाही. दुसरी, इंग्रजी शब्दात एका ठिकाणी जोर असतो आणि आपण सगळी अक्षरं सारख्या जोराने म्हणतो. ऑनलाइन डिक्शनरीत स्पीकरच्या खुणेवर बोट लावलं की जोर कुठे आहे ते ऐकू येतं, नवीन शब्द लिहून घेताना ते ऐकायची सवय लावून घ्या, मग ब्रिटिश की अमेरिकन हा प्रश्नच मागे पडतो.

मॅडम, मी पेडण्याचा, हॉटेल मॅनेजमेंटचा डिप्लोमा केलाय, क्रूझवर जायचंय. वर्षभर यूट्यूबवर स्पोकन इंग्लिशचे व्हिडिओ बघतोय, कळतं सगळं, पण ऑनलाइन इंटरव्ह्यूला समोरचा बोलला की डोकं ब्लँक होतं. एकदा तर कॉलच अर्ध्यात कट झाला आणि मी गप्प बसलो. – एक तरुण, पेडणे

बाबा, वर्षभर तू ऐकायचा सराव केलास आणि परीक्षा बोलण्याची होती, एवढंच झालंय. त्यामुळे ‘मला जमत नाही’ हे डोक्यातून काढ. बघून पोहता येत नाही तसंच हे, पाण्यात उतरायला लागतं. आता व्हिडिओ निम्म्यावर आण आणि राहिलेला वेळ तोंडाला दे.

एक पद्धत सांगते, ती १९८३ पासून इंग्रजीच्या शिक्षकांत माहीत आहे आणि न्यूझीलंडच्या पॉल नेशन यांनी ती फार पसरवली, चार-तीन-दोन म्हणतात. एक विषय घे, समज ‘गेस्टने रूम स्वच्छ नाही म्हणून तक्रार केली, तू काय केलंस’. फोनवर रेकॉर्ड लावून चार मिनिटं बोल, अडखळ, थांब, काहीही हो, पण मराठीत जायचं नाही. लगेच तीच गोष्ट तीन मिनिटांत सांग. मग दोन मिनिटांत. तिसऱ्या वेळी तुला काय बोलायचंय ते माहीत असतं, मग सगळं डोकं वाक्यं जोडण्यावर लागतं आणि वेग आपोआप येतो. खरं तर दर वेळी ऐकणारा माणूस बदलायचा असतो. कॉलेजचे दोन-तीन मित्र असतील तर एक ग्रुप करा आणि व्हॉट्सॲपवर रोज एकाने एका प्रसंगाची व्हॉइस नोट टाकायची, बाकीच्यांनी व्हॉइस नोटनेच एक प्रश्न विचारायचा, टाइप करायचं नाही. व्हॉइस नोटला डेटा नगण्य लागतो, रेंज गेली तर आल्यावर जाते, आणि पाठवायच्या आधी नको वाटली तर पुसून परत बोलता येते, लाजणाऱ्या माणसाला याच्याइतकं सोयीचं दुसरं काही नाही.

ऐकण्यासाठी बीबीसी लर्निंग इंग्लिशचे सहा मिनिटांचे कार्यक्रम घे. बीबीसी १९४३ पासून रेडिओवरून इंग्रजी शिकवतेय, आता ते सगळं फुकट डाउनलोड होतं आणि सोबत पूर्ण मजकूरही मिळतो. आधी नुसतं ऐक, मग मजकूर बघत ऐक, मग निवेदकाच्या मागोमाग अर्ध्या शब्दाच्या अंतराने स्वतः बोलत जा. बातम्यांच्या चॅनलवर आत्ता वेळ घालवू नकोस. वाचनाबद्दल असं दिसून आलंय की मजकुरातले १०० पैकी ९८ शब्द ओळखीचे असले तरच तो कुणाच्या मदतीशिवाय नीट कळतो, आणि ऐकताना तर मागे जाऊन बघायचीही सोय नसते. जे ऐकून बहुतेक कळतं आणि थोडंच अडतं ते तुझ्या उपयोगाचं.

क्रूझचं इंग्रजी तसं मर्यादित आहे ही तुझ्या सोयीची गोष्ट. जहाज चालवणाऱ्यांसाठी तर आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २००१ मध्ये ठरावीक वाक्यांचा संचच मंजूर केलाय, वादळात आणि आगीत सगळ्यांना एकच कळावं म्हणून. तुला हॉटेल खात्यात जायचं असलं तरी त्यातला सुरक्षेचा भाग वाचून ठेव, आग लागली, लाइफजॅकेट घाला, इकडून चला, एवढं झोपेतून उठून सांगता आलं पाहिजे. जहाजावर काम करणाऱ्यांसाठी मार्लिन्स नावाची इंग्रजीची टेस्टही असते, तुझी एजन्सी ती मागते का ते आधी विचार, मागत असेल तर सराव त्या धर्तीवर कर. आणि तिथे तुझ्याशी बोलणारे बहुतेक फिलिपिन्स, इंडोनेशिया, पूर्व युरोपचे असतील, तेव्हा फक्त लंडनचे व्हिडिओ ऐकून गेलास तर पहिल्याच आठवड्यात गोंधळशील. फिलिपिनो क्रूचे व्हिडिओ मुद्दाम बघ, कळत नसेल तर वेग पाऊण पट कर.

कॉल कट होतो तेव्हा काय बोलायचं हेसुद्धा पाठ करून ठेवायची गोष्ट आहे. ‘सॉरी, द लाइन ब्रोक. कुड यू रिपीट द लास्ट क्वेश्चन?’ आणि न कळल्यावर ‘डू यू मीन माय ट्रेनिंग ऑर माय जॉब?’ ही असली पाच-सहा वाक्यं कागदावर लिहून स्क्रीनच्या शेजारी चिकटव. इंटरव्ह्यू घेणाऱ्याला माहीत असतं की नेट जातं. नेट गेल्यावर तू शांतपणे बोलून परत जोडून घेतलंस तर तीच तुझी परीक्षा असते, जहाजावर गेस्टशी हेच करायचंय.

आणि तू पेडण्यात आहेस. मोरजी, मांद्रे, हरमल जवळच आहेत, सीझनमध्ये जगभरची माणसं तिथे येतात. एखाद्या ओळखीच्याच्या शॅकमध्ये किंवा गेस्टहाउसमध्ये संध्याकाळी काउंटरला उभा राहा, पगार कमी मिळाला तरी चालेल. ऑनलाइन जे करशील ते तिथे वापरायला मिळेल, अशी संधी मुंबई-पुण्याच्या मुलांना नाहीये.

मॅडम, मी अकरावीत आहे. निबंध आणि लेटर मी चॅटजीपीटीला सांगून लिहिते, मार्क चांगले पडतात, पण आमच्या टीचरनी सांगितलं की हे बंद कर. शिकण्यासाठी अजिबात वापरूच नये का? – एक विद्यार्थिनी, काणकोण

वापर, पण क्रम उलटा कर. आत्ता तो लिहितो आणि तू वाचतेस. तू लिही आणि त्याला वाचू दे. टीचरचं चुकीचं नाहीये, बोर्डाच्या परीक्षेला फोन बाहेर ठेवायचाय आणि आत तू एकटी असणार.

आधी वहीत पेनने एक परिच्छेद लिही, वाईट झाला तरी चालेल. मग तो टाइप करून त्याला मराठीतच असं सांग: ‘हा परिच्छेद तू परत लिहू नकोस. यातल्या फक्त तीन चुका दाखव, कुठे आहेत एवढंच सांग, दुरुस्त मी करते. मग मी बरोबर केलं का ते बघ आणि कारण मराठीत समजाव.’ ‘परत लिहू नकोस’ हे सांगितलं नाही तर तो सगळं गुळगुळीत करून देतो आणि त्यात तुझं एक वाक्य शिल्लक राहत नाही. तीनच चुका का, तर वीस दाखवल्या की माणूस हिरमुसतो आणि एकही लक्षात राहत नाही.

थोड्याच दिवसांत दिसेल की तुझ्या चुका त्याच त्याच आहेत. मराठीत ‘अ’ आणि ‘द’ सारखं काही नाही म्हणून ते गळतात, ‘डिस्कस’च्या पुढे उगाच ‘अबाउट’ येतो, एक वाक्य भूतकाळात आणि पुढचं वर्तमानात. अशा चुकांची एक वेगळी वही कर आणि ती आज, परवा, पुढच्या आठवड्यात, मग महिन्याने अशी लांबवत बघ. हर्मन एबिंगहाउस या जर्मन शास्त्रज्ञाने १८८५ मध्ये स्वतःवर प्रयोग करून दाखवलं की शिकलेलं पहिल्या काही तासांतच झपाट्याने विसरतं आणि पुढे विसरण्याचा वेग कमी होतो, म्हणून अंतर वाढवत उजळणी करायची. अंकी नावाचं फुकट सॉफ्टवेअर हेच करतं, पण वहीने काम होतं.

अजून एक, चॅटजीपीटी नोव्हेंबर २०२२ मध्ये आल्यापासून मुलं त्याच्यावर गुरूसारखा विश्वास ठेवतात. तो चूकही तितक्याच ठामपणे सांगतो. व्याकरणाचा नियम पटला नाही तर डिक्शनरी बघ नाहीतर टीचरना विचार, त्यांना नक्की आवडेल. आणि तू आधी काय लिहिलंस, नंतर काय बदललंस ते दोन्ही कागद टीचरना दाखव, मला वाटतं त्यांची हरकत त्यानंतर राहणार नाही.

बाय, माझं वय सत्तरच्या पुढे, शिक्षण मराठी सातवी. मुलगा-सून इंग्लंडात स्विंडनला आहेत, नातू पाच वर्षांचा. व्हिडिओ कॉलवर तो काहीतरी सांगतो आणि मी नुसती हसते. या वयात मला एखादा ऑनलाइन क्लास लावता येईल का? – एक आजी, फोंडा

आजी, लावता येईल, पण तुम्हाला क्लासपेक्षा सोपा रस्ता आहे. क्लासमध्ये तुम्हाला बँकेत कसं बोलायचं, स्टेशनवर तिकीट कसं काढायचं ते शिकवतील. तुम्हाला हवंय ते पाच वर्षांच्या पोराचं बोलणं, आणि त्याचे शब्द मोजकेच असतात, डायनोसॉर, स्कूल, लंच, पडलो, दुखलं, हे माझं, ते मला नको. सुनेला सांगा की आठवड्यातून दोन-तीनदा त्याच्या आवाजातली छोटी व्हॉइस नोट पाठव आणि तिच्याखाली त्याचा अर्थ मराठीत बोलून पाठव. ती नोट तुम्ही दिवसभरात हवी तितक्या वेळा ऐका, कॉलवर एकदाच ऐकून कळणार नाही पण परत परत ऐकून कळतं. मग त्यातलाच एक शब्द धरून पुढच्या कॉलला त्याला प्रश्न विचारा. ‘व्हेअर इज डायनोसॉर?’ एवढं विचारलंत तरी तो उठून धावत आणायला जाईल आणि दहा मिनिटं त्याबद्दल सांगेल.

दुसरं, एकाच चित्रांच्या पुस्तकाच्या दोन प्रती घ्या, एक त्याच्याकडे आणि एक तुमच्याकडे. कॉलवर दोघांनी तेच पान उघडायचं, तो इंग्रजीत दाखवेल, तुम्ही मराठीत किंवा कोंकणीत सांगा. पुस्तक निवडायला मदत हवी असेल तर पणजीला पाटोवर कृष्णदास शामा राज्य ग्रंथालय आहे, १८३२ पासूनचं, तिथे मुलांचा विभाग चांगला आहे, कुणाला तरी सोबत घेऊन जा. अडलं तर गूगल ट्रान्सलेटमध्ये माइकच्या खुणेवर बोट ठेवून मराठीत बोलायचं, फोन इंग्रजीत बोलून दाखवतो. त्यात २०२२ पासून कोंकणीही आलीय, पण तिच्यापेक्षा मराठीत तो जास्त बरोबर असतो असं मला आढळलंय. त्याने केलेलं लांब वाक्य मुलाला ऐकवू नका, छोटी वाक्यंच घ्या.

तुमची मराठी बोलणं सोडू नका हं. तुम्ही त्याचं इंग्रजी थोडं शिकलात की तो तुमच्या गोष्टी ऐकायला तयार होतो, आणि चिमणी-कावळ्याची गोष्ट त्याला स्विंडनच्या शाळेत कुणी सांगणार नाहीये.

कॉलची वेळ सुनेबरोबर नीट ठरवून घ्या. इंग्लंडात मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळ एक तास पुढे करतात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी परत मागे घेतात. म्हणजे तो चारला शाळेतून घरी आला की उन्हाळ्यात आपल्याकडे साडेआठ झालेले असतात आणि हिवाळ्यात साडेनऊ. हिवाळ्यात तुम्हाला झोप येत असेल तर शनिवारी-रविवारी तिकडच्या सकाळी नऊला, म्हणजे आपल्या दुपारी अडीचला करा, तेव्हा तोही ताजा असतो.